शिवेची रेघ काढा, रंग मात्र भरू नका

१ मे २०२५ रोजी इंग्लंडच्या काही भागांत स्थानिक निवडणुका झाल्या. दुसऱ्या दिवशी लँकशायर काउंटी कौन्सिलचा निकाल आला: ८४ पैकी ५३ जागा रिफॉर्म यूके पक्षाकडे. नकाशा काढणाऱ्याला वाटेल, काम सोपं झालं. लँकशायरवर रिफॉर्मचा फिरोजी रंग ओतायचा आणि मोकळं व्हायचं. पण ओतायचा कुठल्या लँकशायरवर? ज्या कौन्सिलसाठी मतदान झालं तिचं लँकशायर बारा जिल्ह्यांचं, प्रेस्टनहून कारभार चालणारं. जुन्या शालेय नकाशातलं लँकशायर मात्र ऐसपैस. त्यात मँचेस्टर येतं, लिव्हरपूल येतं, बोल्टन आणि विगन येतात, एवढंच काय, मोरकॅम्बच्या खाडीपलीकडचं बॅरो शहरही येतं. यांतल्या एकाही शहरात त्या दिवशी कौन्सिलची नियमित निवडणूक नव्हती. उलट बार्नोल्ड्सविक हे गाव जुन्या हिशेबाने यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमधलं, पण १९७४ पासून लँकशायरच्या पेंडल जिल्ह्यात आहे. तिथल्या लोकांनी लँकशायर कौन्सिलसाठी रीतसर मत दिलं. म्हणजे जुन्या हद्दीत रंग भरला की ज्यांनी मत दिलंच नाही ते आत आणि ज्यांनी दिलं ते बाहेर.

असले नकाशे काही अजाणतेपणी निघत नाहीत. ब्रिटनमध्ये जुन्या काउंट्यांचा एक निष्ठावंत संप्रदाय आहे. असोसिएशन ऑफ ब्रिटिश काउंटीज ही त्यांची संस्था १९८९ पासून काम करते. यॉर्कशायर रायडिंग्ज सोसायटी तिच्याहूनही जुनी. इंग्लंडच्या ३९ ऐतिहासिक काउंट्या कधी रद्द झाल्याच नाहीत, बदलली ती फक्त प्रशासनाची सोय, असं हा संप्रदाय मानतो. इथवर कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण त्यातले काही नकाशेप्रेमी पुढची पायरी चढतात. कौन्सिलच्या हद्दी दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलतात, काउंट्या बदलत नाहीत. तेव्हा निवडणुकीचे निकालही काउंटीच्या चौकटीतच मांडावेत, तरच देशाचं राजकारण खरं दिसेल, असा त्यांचा आग्रह. खरं घोडं पेंड खातं ते इथेच.

त्यांची तक्रार मुळात खोटी नाही, हे आधी सांगायला हवं. १९७२ चा स्थानिक शासन कायदा १ एप्रिल १९७४ पासून लागू झाला आणि लोक एका रात्रीत एव्हन, हंबरसाइड, क्लीव्हलंड अशा, कुणी कधी गावगप्पांत न उच्चारलेल्या नावांच्या काउंट्यांत जाऊन पडले. रटलंडसारखी चिमुकली काउंटी लेस्टरशायरने गिळली. हंटिंगडनशायर केंब्रिजशायरमध्ये विरघळली. लंडनच्या परिसरात हे आधीच होऊन गेलं होतं: १९६५ मध्ये ग्रेटर लंडन जन्माला आलं आणि मिडलसेक्सची कौन्सिल संपली. लोकांनी आरडाओरडा केला आणि तो काही अंशी खराही ठरला. एव्हन, हंबरसाइड आणि क्लीव्हलंड यांच्या कौन्सिलांना १९९६ मध्ये मूठमाती मिळाली. रटलंडला १९९७ मध्ये स्वतःची कौन्सिल परत मिळाली. रटलंडचा निकाल आज जुन्या हद्दीत रंगवला तरी बिघडत नाही, कारण तिथे दोन्ही हद्दी जुळतात. पण रटलंड हा अपवाद आहे, आणि त्याच्या जोरावर सबंध देशाचा नकाशा रंगवता येत नाही.

आता त्यांचा पहिला मुद्दा. १९७४ मध्ये सरकारनेच सांगितलं होतं की नवी क्षेत्रं ही प्रशासनापुरती आहेत, परंपरागत काउंट्यांच्या सीमा त्यामुळे बदलत नाहीत आणि लोकांच्या निष्ठाही बदलाव्यात अशी अपेक्षा नाही. काउंटीप्रेमी हे विधान सनदेसारखं जपतात. पुढे २०१३ मध्ये मंत्री एरिक पिकल्स यांनी ऐतिहासिक काउंट्यांची दखल घेत असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये त्या साजऱ्या कशा कराव्यात याची सरकारी मार्गदर्शिकाही निघाली. हे सगळं मान्य. पण यातून निष्कर्ष नेमका उलटा निघतो. काउंटी वेगळी आणि कौन्सिल वेगळी, काउंटीला प्रशासनाशी देणंघेणं नाही, हे तर काउंटीप्रेमीच घसा कोरडा करून सांगतात. मग प्रशासनासाठी झालेल्या निवडणुकीचा निकाल काउंटीच्या माथी कशासाठी मारायचा? जिला नगरसेवक नाही, अंदाजपत्रक नाही, तिला निकाल कुठून असणार? सोयीचं असेल तेव्हा दोन्ही वेगळे आणि नकाशा रंगवताना एक, हा न्याय चालायचा नाही.

दुसरा मुद्दा स्थैर्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने आपल्या स्थलनामांच्या सूचीत ऐतिहासिक काउंट्यांना न बदलणारा, सबंध बेटाला व्यापणारा भूगोल म्हटलं आहे. गावाचं नाव शोधण्यासाठी हे उत्तमच. पण ‘न बदलणारा’ म्हणजे कोणत्या सालचा, असं विचारलं की उत्तर डळमळू लागतं.

टॉडमॉर्डनचा टाउन हॉल पाहावा. पेनाइन डोंगरांच्या खोबणीतलं हे गिरणगाव आणि १८७५ मध्ये उघडलेली त्याची भारदस्त दगडी इमारत. तिच्या पोटाखालून वॉल्सडनचा ओढा बंदिस्त नाल्यातून वाहतो आणि हा ओढा म्हणजेच लँकशायर आणि यॉर्कशायर यांची शीव. दर्शनी त्रिकोणात दोन स्त्रीमूर्ती आहेत, एक एकेका काउंटीची. एका बाजूला लँकशायरच्या कापसाची कामं कोरलेली, दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरची शेती. वरच्या दिवाणखान्यात नाचता नाचता माणूस एका काउंटीतून दुसरीत जात असे, असं गावात अजूनही कौतुकाने सांगतात. मग १८८८ मध्ये कायद्याने शीव सरकवली आणि सगळं टॉडमॉर्डन यॉर्कशायरच्या पदरात पडलं. आता ऐतिहासिक काउंटी कोणती धरायची, १८८७ ची की १८८९ ची? कॅल्डरडेल कौन्सिलच्या टॉडमॉर्डन वॉर्डातून तीन नगरसेवक निवडून जातात. ज्याने १८८८ आधीची रेघ धरली त्याला हा वॉर्ड करवतीने कापावा लागेल, आणि टाउन हॉल मधोमध.

टॉडमॉर्डन एकटं नाही. १८४४ च्या कायद्याने काउंट्यांचे सुटे तुकडे जवळच्या काउंटीला जोडले. त्याआधी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरचं होली आयलंड डरहॅममध्ये मोजलं जाई आणि हेल्सोवेन श्रॉपशायरचं बेट होतं. डडली तर १९६६ पर्यंत स्टॅफर्डशायरच्या पोटातलं वुस्टरशायरचं बेट म्हणून राहिलं. टेम्सच्या उत्तर तीरावरचं नॉर्थ वुलिच दक्षिण तीरावरच्या केंटमध्ये मोडायचं. १९६५ मध्ये ते लंडनच्या न्यूहॅमकडे आलं. म्हणजे या रेघाही कायद्यानेच ओढल्या आणि कायद्यानेच पुसल्या. १८४४ चा कायदा पवित्र आणि १९७२ चा पाखंडी, हे ठरवायचं कुणी? काउंटीप्रेमींतही यावर एकमत नाही. म्हणून त्यांच्या एका नकाशावर डडली एका रंगात दिसतं आणि दुसऱ्यावर दुसऱ्या.

या संप्रदायातले जाणते लोक म्हणतील, ही टीका ढोबळ नकाशांना लागू होते. आम्ही कौन्सिलचा रंग ओतत नाही, वॉर्डनिहाय निकाल घेतो आणि जो वॉर्ड ज्या काउंटीत बसतो त्यात त्याची मतं मिळवतो. ही पद्धत दिसायला निर्दोष आहे. तिची परीक्षा घ्यायला ओल्डहॅमच्या पूर्वेकडे जायला हवं.

ओल्डहॅम हा ग्रेटर मँचेस्टरमधला बरो. त्याच्या डोंगराळ कडेला सॅडलवर्थ: अपरमिल, डेल्फ, डॉबक्रॉस, डिगल अशी दगडी घरांची गावं. १९७४ पर्यंत ती वेस्ट रायडिंगमध्ये होती आणि आजही १ ऑगस्टला यॉर्कशायर दिन साजरा करतात. तिथला एक वॉर्ड आहे ‘सॅडलवर्थ वेस्ट अँड लीज’. नाव वाचलं तरी घोळ कळतो. सॅडलवर्थची बाजू यॉर्कशायरची, लीज लँकशायरचं. एकच वॉर्ड, एकच मतमोजणी आणि मधून जुनी शीव. यातली किती मतं यॉर्कशायरची?

मराठी वाचकाला वाटेल, यात काय अवघड आहे, बूथनिहाय आकडे बघा. आपल्याकडे विधानसभा आणि लोकसभेचे बूथनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये मिळतात. कुठल्या वस्तीने कुणाला हात दिला हे निकालाच्या संध्याकाळीच चावडीवर चघळलं जातं. ब्रिटनमध्ये हे होत नाही, कारण ते होऊ नये असा नियमच आहे. प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या आधी जुळवून पाहतात. मग त्या निदान आणखी एका पेटीतल्या मतपत्रिकांत मिसळतात, टपाली मतंही त्यात जातात आणि त्यानंतरच मोजणी सुरू होते. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे कुणालाच कळू नये हा हेतू. संख्या जुळवताना पक्षांचे प्रतिनिधी टेबलापलीकडून डोकावून आपल्या वहीत काट्या ओढतात आणि अंदाज बांधतात, पण तो त्यांचा खाजगी हिशेब. अधिकृत निकालाचं सर्वांत लहान माप म्हणजे वॉर्ड. तो फोडला की पुढचं सगळं अनुमान.

आणि हे अनुमान एकाच जागी थांबत नाही. लंडनच्या बार्नेट बरोत हेंडन आणि फिंचली मिडलसेक्सचे, तर चिपिंग बार्नेट हर्टफर्डशायरचं. स्टॉकपोर्टमध्ये मर्सी नदीच्या एका काठाला चेशायर, दुसऱ्या काठावरचे हीटन्स आणि रेडिश लँकशायरचे. २०२२ मध्ये बार्नेटमध्ये मजूर पक्षाने ६३ पैकी ४१ जागा जिंकून पहिल्यांदाच स्वबळावर सत्ता मिळवली. ही बातमी बार्नेटची आहे. तिचे मिडलसेक्स आणि हर्टफर्डशायर असे वाटे केले तर हाती दोन आकडे येतील, पण त्या दोन्हींत ‘सत्ता बदलली’ ही मुख्य गोष्टच उरणार नाही.

त्यात पुन्हा मतांचं गणित. पुण्याच्या चार सदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड या जागा वेगळ्या, प्रत्येकीची लढत स्वतंत्र. इंग्लंडच्या तीन सदस्यीय वॉर्डात तिन्ही जागा एकदम लढवल्या जातात तेव्हा मतदाराला तीन मतं असतात आणि पहिले तीन उमेदवार निवडून येतात. एखादा पक्ष एकच उमेदवार देतो. त्याच्या मतदाराची उरलेली दोन मतं भलतीकडे जातात किंवा वायाच जातात. बऱ्याच कौन्सिलांत तर चारपैकी तीन वर्षं, दर खेपेला एक तृतीयांश जागांचीच निवडणूक होते. ओल्डहॅममध्ये २०२३ साली नव्या वॉर्डरचनेमुळे सगळ्या जागा लढवल्या गेल्या आणि २०२४ मध्ये फक्त तिसरा हिस्सा. शेजारची काउंटी कौन्सिल चार वर्षांतून एकदाच निवडली जाते. एका जुन्या काउंटीत अशा तीन-चार तऱ्हांच्या कौन्सिल सापडतात. त्यांची बेरीज म्हणजे ज्वारी, दूध आणि कडबा एकाच मापात मोजणं.

यावर एक उत्तर येतं: प्लिमथ विद्यापीठात कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर यांनी वॉर्डनिहाय आकडे जमवून सबंध देशाच्या मतांचा अंदाज वर्षानुवर्षं बांधलाच ना? बांधला. पण त्यांनी त्याला अंदाजच म्हटलं. तो एक आकडा आहे. सगळीकडे एकाच दिवशी मतदान झालं असतं तर काय दिसलं असतं एवढंच तो सांगतो. अमुक गाव अमुक पक्षाने जिंकलं असं तो म्हणत नाही. रंगवलेला नकाशा मात्र तेच म्हणतो, आणि तेही तळटीप न वाचणाऱ्याला.

शेवटी उरतो भावनेचा मुद्दा. क्रिकेट अजून काउंट्यांवरच चालतं, मग निवडणूक का नाही? मिडलसेक्सला १९६५ पासून कौन्सिल नाही, पण लॉर्ड्सवर मिडलसेक्स खेळतंय. लँकशायरचं ओल्ड ट्रॅफर्ड ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे. १९९२ मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला. त्याआधी त्या क्लबचा दंडक होता की खेळाडू जुन्या यॉर्कशायरच्या हद्दीतच जन्मलेला हवा. प्रशासनाने ती हद्द १९७४ मध्येच मोडली होती, क्लबने ती पुढेही पाळली. गंमत खुद्द कौन्सिलांचीही आहे: सरे काउंटी कौन्सिलचं मुख्यालय १९६५ पासून २०२० पर्यंत किंग्स्टनमध्ये, म्हणजे स्वतःच्या कारभाराच्या हद्दीबाहेर, ग्रेटर लंडनमध्ये होतं. पण क्लबने हद्द कुठली मानायची हा क्लबच्या घरचा प्रश्न. यॉर्कशायरच्या संघावर सॅडलवर्थच्या माणसाची घरपट्टी अवलंबून नाही.

सॅडलवर्थमधल्या कुठल्याही घरात येणारं कौन्सिल टॅक्सचं बिल हातात घ्यावं. पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम ओल्डहॅम कौन्सिलची, वृद्धांच्या सेवेचा वाटा त्यातच. मग ग्रेटर मँचेस्टरच्या महापौरांकडे पोलिसांसाठी जाणारा भाग. मग त्याच महापौरांचा, अग्निशमनासकटचा दुसरा. शेवटी सॅडलवर्थच्या पॅरिश कौन्सिलची छोटी रक्कम. यॉर्कशायरचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. कचऱ्याची गाडी आली नाही, रस्त्यातला खड्डा बुजला नाही, तर त्या घरातल्या माणसाने मतपेटीतून जाब विचारायचा तो ओल्डहॅमला. निकालाचा नकाशा हा या जाब विचारण्याचाच नकाशा असतो: कुणी निवडलं, कुणाला निवडलं, कुठल्या तिजोरीसाठी. सॅडलवर्थच्या मतांवर यॉर्कशायरचं नाव टाकलं की ओल्डहॅमचे कारभारी नकाशातून अलगद सुटतात. अभिमान जपताना जबाबदारी हरवते, आणि काउंटीप्रेमींच्या नकाशाचा हाच खरा दोष आहे.

जुन्या रेघांना हसणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही मात्र सूट देण्याचं कारण नाही. त्यांच्या मते या रेघा म्हणजे चहाच्या डब्यावरची नक्षी. तसं असतं तर २०२३ मध्ये कम्ब्रियाचे दोन तुकडे करताना सरकारला ‘कम्बरलंड’ आणि ‘वेस्टमोर्लंड अँड फर्नेस’ अशी जुनी नावं शोधून काढावी लागली नसती. गंमत म्हणजे तीही सदोष. जुन्या कम्बरलंडमधलं पेनरिथ नव्या कम्बरलंडमध्ये नाही, ते वेस्टमोर्लंड अँड फर्नेसमध्ये गेलं. यॉर्कशायरचं सेडबर्गही त्याच कौन्सिलमध्ये आहे आणि तिच्या नावात यॉर्कशायरचा पत्ता नाही. जुनी रेघ समोर नसेल तर ही विसंगती वाचकाला दिसणारही नाही.

२०२२ मध्ये याच वेस्टमोर्लंड अँड फर्नेसमध्ये लिबरल डेमोक्रॅट्सनी ६५ पैकी ३६ जागा जिंकल्या. केंडलच्या बाजूला, म्हणजे जुन्या वेस्टमोर्लंडमध्ये, त्यांचा पाया जुना आहे. जुन्या लँकशायरमधलं बॅरो हे जहाजबांधणीचं गाव आणि तिथे मजूर पक्षाची मुळं खोल. वॉर्डनिहाय नकाशावर बारीक जुनी रेघ ओढली तर हा फरक चटकन नजरेत भरतो. पण तो रेघेने घडवलेला नाही, गोदीने घडवला आहे. रेघ प्रश्न सुचवते, उत्तर देत नाही. एवढं तिचं काम आहे आणि ते मोलाचं आहे.

हा वाद येत्या काही वर्षांत वाढणारच आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत इंग्लंडची दुमजली व्यवस्था, म्हणजे वर काउंटी कौन्सिल आणि खाली जिल्हा कौन्सिल, मोडून एकच कौन्सिल ठेवण्याचं धोरण आलं. त्यासाठी २०२५ मध्ये नऊ कौन्सिलांच्या निवडणुका पुढेही ढकलल्या गेल्या. सरेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करायचं ठरलं आहे, आणि जुन्या सरेमधले लॅम्बेथ, सदर्क, क्रॉयडन या दोन्हींत नाहीत. नवी नावं, नव्या हद्दी, पुन्हा तीच चीड आणि पुन्हा जुन्या चौकटीत रंग भरायचा मोह.

म्हणून नकाशा काढणाऱ्यांनी चार पथ्यं पाळावीत. रंग भरायचा तो ज्या वॉर्डाने किंवा कौन्सिलने मत दिलं तिच्याच हद्दीत. जिथे त्या वर्षी निवडणूक नव्हती ती जागा कोरी सोडायची. मागच्या निकालाचा रंग तिथे सारवायचा नाही. जुन्या काउंटीची रेघ वरून काढायची आणि ती कोणत्या सालची हे नकाशावरच लिहायचं. आणि वॉर्ड फोडून काढलेला कुठलाही आकडा अंदाज म्हणूनच छापायचा. असा नकाशा काढला तर मे २०२५ मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर पांढरीच दिसतील, बार्नोल्ड्सविक रंगीत दिसेल आणि त्यांच्या मधून गेलेली लँकशायर-यॉर्कशायरची जुनी शीव ज्याला पाहायची आहे त्याला तिथेच, बारीक पण स्पष्ट, सापडेल.